पिसे टाकणाऱ्या पोपटाला औषध कशाला?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भागातल्या पक्षी पाळणाऱ्या घरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते : ‘पोपटाची पिसे झडायला लागली.’ तक्रारीपाठोपाठ उपायही ठरलेले असतात. कुणी पिंजऱ्याच्या दुकानातून पिवळी पूड आणून पाण्यात कालवते, कुणी खोबरेल तेल चोळते, तर कुणी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढते. या तिन्ही उपायांपैकी पक्ष्याला अपाय न करणारा उपाय दृष्ट काढण्याचा आहे, तोही मिरच्या त्याच खोलीत जाळल्या नाहीत तर. म्हणून हे पत्र.

निमित्त घडले ते आमच्या इमारतीतल्या चौथीतल्या एका मुलामुळे. त्याच्या घरी बजरीगरची जोडी आहे. (बाजारात या पक्ष्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि बजरीगर ऑस्ट्रेलियातले, पण ते असो.) एके दिवशी संध्याकाळी तो कंपासपेटी घेऊन आला. आत कर्कटक नव्हते की कोनमापक नव्हता. सगळी पेटी पिसांनी भरलेली होती. ‘आजी, आमचा मिठू टकला होणार का?’ असे त्याने विचारले. आम्ही ती पिसे वर्तमानपत्रावर पसरली आणि भिंगाखाली एकेक पाहिली. बहुतेक सगळी सबंध होती, टोकाशी थोडी झिजलेली. दांडीचे मूळ कोरडे, पांढरट, रक्ताचा थेंब कुठेही नाही. पंखाची मोठी पिसे चार होती : दोन उजव्या बाजूची, दोन डाव्या बाजूची, लांबीने जवळपास जुळणारी. आजारी पक्ष्याची पिसे अशी पडत नाहीत. त्या पेटीत मुलाने आपल्या पक्ष्याच्या तब्येतीचा दाखलाच गोळा करून आणला होता, आणि घरात मात्र तोवर पिवळ्या पुडीची बाटली फुटली होती.

पीस ही आपल्या नखांसारखी किंवा केसांसारखी केराटिनची वस्तू आहे. एकदा पूर्ण वाढले की त्यातले रक्त आटते आणि ते निर्जीव होते. मग ते मोडले, विरले, उन्हाने ठिसूळ झाले तरी शरीराला ते दुरुस्त करता येत नाही. पक्षी दिवसातून कितीतरी वेळा चोच फिरवून पिसे नीट करतो ते खरे, पण त्याने फक्त उसवलेले धागे पुन्हा गुंततात. झडलेले एखादे मोठे पीस हातात घेऊन मधोमध फाकवावे आणि बोटाच्या चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे ओढावे. फाकलेली जागा मिटते, कारण धाग्यांच्या कडांना अतिसूक्ष्म आकडे असतात आणि ते एकमेकांत अडकतात. हे आकडेच झिजले की पीस मिटत नाही. मग त्यात ऊब राहत नाही, पावसाचे पाणी आत शिरते आणि उडताना हवा निसटते. त्यामुळे ठरावीक काळाने जुने पीस ढकलून त्याच मुळातून नवे उगवणे, एवढा एकच मार्ग पक्ष्यासमोर उरतो. आमच्या आजीने पक्षिशास्त्राचे पुस्तक कधी हातात धरले नव्हते, पण ‘कोंबडी पिसं टाकतेय, आता अंड्यांची आशा नको’ हे तिला पक्के ठाऊक होते. खुराड्यातल्या कोंबडीबद्दलचे हे शहाणपण पिंजऱ्यातल्या पोपटापर्यंत का पोचले नाही, हे मला अजून उमगलेले नाही.

हे केव्हा घडते, याला सर्व जातींसाठी एक उत्तर नाही. आपल्या रानातला राघू साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात ढोलीत पिल्ले वाढवतो आणि पिल्ले उडून गेल्यावर पिसे बदलू लागतो. अंडी घालणे, पिल्लांना भरवणे आणि नवा पिसारा उगवणे ही तिन्ही कामे अंगातली शिल्लक खाणारी आहेत, त्यामुळे निसर्ग ती शक्यतो एकावर एक येऊ देत नाही. बजरीगरचे गणित वेगळे आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या पट्ट्यात तो पावसामागे भटकतो, जिथे पाणी आणि गवताचे बी मिळेल तिथे जोडी जमवतो. त्याला ठरलेला हंगाम नाही, म्हणून त्याची पिसेही थोडी थोडी, लांबत लांबत, वर्षात केव्हाही पडताना दिसतात. त्याच्या पिल्लाच्या कपाळावर चोचीपर्यंत बारीक काळ्या रेघा असतात. तीन-चार महिन्यांच्या वयात पहिल्यांदा पिसे बदलली की त्या मागे सरतात आणि कपाळ स्वच्छ होते. काकाकुव्याच्या कुळातला कॉकाटील सहाएक महिन्यांचा झाला की पहिली पिसे टाकू लागतो, आणि करड्या जातीच्या नराचा चेहरा त्यानंतर पिवळा उजळतो. मोठ्या मकाव पोपटाला तर पंखांची सगळी पिसे बदलायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. त्यामुळे शेजारच्या घरातल्या पक्ष्याशी तुलना करून घाबरण्यात अर्थ नाही.

पिसे गळण्याचा क्रमही पाहण्यासारखा असतो. पोपटाच्या प्रत्येक पंखाच्या टोकाकडे दहा मोठी पिसे असतात. त्यांतले मधले आधी पडते आणि मग दोन्ही दिशांना एकेक पीस बदलत जाते. डाव्या पंखात जे घडते तेच थोड्या फार फरकाने उजव्यातही घडते. तोल बिघडू नये आणि उडणे सुटू नये, अशी ती व्यवस्था आहे. निरोगी पोपट पिसे बदलताना विरळ दिसेल, विस्कटलेला दिसेल, शेपटीविना थोडा केविलवाणाही दिसेल, पण त्याच्या अंगावर उघड्या कातडीचे चट्टे पडणार नाहीत. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते.

आता प्रकाशाचा मुद्दा, कारण आपल्या शहरी घरांत खरी गफलत इथेच होते, असे माझे मत आहे. पिसे केव्हा टाकायची हे पक्ष्याचे शरीर दिवसाच्या लांबीवरून आणि त्यानुसार बदलणाऱ्या ग्रंथींच्या स्रावांवरून, विशेषतः थायरॉइडच्या स्रावावरून ठरवते. महाराष्ट्रात सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सुमारे दोन तासांचाच फरक असतो. म्हणजे पक्ष्याला मिळणारी खूण मुळातच बारीक. त्यात पिंजरा बैठकीच्या खोलीत, वर ट्यूबलाइट, समोर रात्री साडेअकरापर्यंत दूरदर्शन संच, आणि पहाटे साडेपाचला पाणी भरायला पुन्हा दिवा. असा सतरा-अठरा तासांचा दिवस बारा महिने दाखवला की शरीराचे पंचांग विस्कटते. मग एक फेरी संपते न संपते तोच दुसरी सुरू होते, आणि ‘आमच्या पोपटाची पिसे वर्षभर झडतात’ अशी तक्रार घेऊन लोक दुकानात जातात. पोपटाला रोज दहा ते बारा तास शांत अंधार लागतो. संध्याकाळी सातच्या सुमारास पिंजरा मागच्या खोलीत न्यावा. वेगळी खोली नसेल तर हवा खेळेल असे सुती कापड त्यावर टाकावे. या उपायाला एक पैसा लागत नाही, कदाचित म्हणूनच तो कुणी सांगत नसावे.

हे मी शहाणपणाच्या थाटात लिहीत असले तरी माझ्याही हातून चूक झालेली आहे, आणि ती लपवण्यात हशील नाही. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्या कॉकाटीलची पिसे पडू लागली, मानेवर काट्यांसारखे काहीतरी दिसू लागले आणि पिंजऱ्याखाली रोज पांढरी भुकटी साचू लागली. एका दुकानदाराने ‘कोंडा झालाय, तेल लावा’ असे सांगितले. मी बोटाने मायेने खोबरेल चोळले. अर्ध्या तासात त्या पक्ष्याचे रूप भिजलेल्या कापसाच्या बोळ्यासारखे झाले. पिसांचे ते सूक्ष्म आकडे तेलाने चिकटले, पिसांत कोंडलेली उबदार हवा निघून गेली, आणि बाहेर पावसाची झड सुरू असताना तो रात्रभर थरथरत बसला. वर चोचीने अंग साफ करताना ते तेल गिळतही होता. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी कोमट पाण्याने त्याला हळूहळू धुतले, दिव्याच्या उबेत ठेवले आणि मला शांतपणे विचारले, ‘कोंडा कुठे होता?’ ती भुकटी कोंडा नव्हतीच. कॉकाटील, काकाकुवा आणि आफ्रिकेतला करडा पोपट यांच्या अंगावर भुकटी तयार करणारी खास पिसे असतात, आणि ती भुकटी म्हणजे पिसारा कोरडा राखण्याची त्यांची सोय. उरलेला पांढरा चुरा नव्या पिसांच्या आवरणाचा होता. पक्षी वाचला, पण खोबरेलाची ती बाटली पाहिली की अजून मला ओशाळवाणे वाटते.

मानेवरच्या त्या ‘काट्यां’विषयीही लिहायला हवे. नवे पीस उगवते तेव्हा ते एका घट्ट नळीत गुंडाळलेले असते. या कोंबात रक्त वाहत असते, म्हणून तो मुळाशी निळसर-काळपट दिसतो आणि त्याला हात लागला तर दुखते. एरवी मान पुढे करून खाजवून घेणारा पोपट या दिवसांत चावतो, कर्कश ओरडतो किंवा तोंड फिरवून बसतो, ते यामुळे. कोंब पिकला की वरची नळी सुकून पांढरी होते आणि पक्षी ती चोचीने कुरतडून काढतो. डोक्यावर मात्र त्याची चोच पोचत नाही. जोडीदार असेल तर ते काम तो करतो, एकटा असेल तर पिंजऱ्याच्या गजाला डोके घासत बसतो. अशा वेळी सुकलेली, पांढरी नळी आपण नखाने अलगद चुरडून दिली तर त्याला बरे वाटते. पण काळपट, ओल्या कोंबाला हात लावू नये. आंघोळीसाठी उथळ ताटलीत पाणी ठेवावे किंवा फवाऱ्याने दुपारच्या उन्हाच्या वेळी बारीक तुषार उडवावेत, म्हणजे नळ्या लवकर मऊ पडतात. वाढत असलेला मोठा कोंब आपटून मोडला तर रक्त येते, आणि एवढ्याशा देहाला थोडे रक्तही महाग पडते. तिथे मक्याचे पीठ दाबून धरावे, पक्ष्याला अंधारात शांत ठेवावे आणि रक्त थांबत नसेल तर डॉक्टरकडे जाण्यात उशीर करू नये.

औषधापेक्षा महत्त्वाचा विषय खाण्याचा आहे. पीस जवळजवळ सगळे प्रथिनांचे बनलेले असते, आणि तेही गंधक असलेल्या अमिनो आम्लांवर भर असलेल्या प्रथिनांचे. एवढा सगळा पिसारा काही आठवड्यांत नव्याने विणायचा आणि वाटी मात्र सूर्यफुलाच्या बियांनी किंवा नुसत्या राळ्याने भरलेली, ही पोपटाची थट्टा आहे. सूर्यफुलाच्या बियांत तेल भरपूर. जीवनसत्त्व ‘अ’ आणि कॅल्शियम मात्र जेमतेम. आमच्याकडे या दिवसांत मोड आलेले मूग आणि मटकी, शेवग्याचा कोवळा पाला, किसलेले गाजर, कोथिंबीर, लाल भोपळ्याची फोड आणि आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा सुपारीएवढा तुकडा असा बेत असतो. पिंजऱ्याच्या गजाला समुद्रफेण अडकवलेला असतो. हिरवी मिरची द्यायला हरकत नाही, कारण मिरचीतला तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, आणि त्यातले जीवनसत्त्व फुकट मिळते. मीठ लावलेले शेंगदाणे, फरसाण, चहात बुडवलेले बिस्कीट, चॉकलेट आणि ॲव्होकाडो मात्र कधीच नको. अंडी फार वेळ वाटीत राहू देऊ नयेत. पावसाळी हवेत ती लगेच नासतात.

पिवळ्या पुडीचे काय, असे कुणी विचारील. ती बहुधा कोंबड्यांसाठीच्या प्रतिजैविकाची असते. पिसे बदलणे हा संसर्ग नाही, त्यामुळे प्रतिजैविकाचा पीस उगवण्याशी काही संबंध नाही. उलट पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, पाण्याची चव बिघडल्याने पक्षी पाणी कमी पितो, आणि पुढे खरोखर संसर्ग झाला तर तेच औषध निकामी ठरण्याची भीती राहते. तसाच एक गैरसमज रंगाचा. नवा पिसारा गडद यावा म्हणून पाण्यात हळद किंवा केशर कालवणारी माणसे मी पाहिली आहेत. ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो, हे खरे. पण पोपटांच्या कुळातला लाल-पिवळा रंग पक्ष्याचे शरीर स्वतःच तयार करते, आणि हिरवा दिसतो तो त्या पिवळ्यावर पिसाच्या रचनेतून उमटणारी निळी झाक मिसळून. हिरवे पीस उजेडाच्या आड धरून पाहा. निळी झाक नाहीशी होते आणि ते मळकट पिवळे-तपकिरी दिसते. तिथे हळद काय करणार?

याचा अर्थ प्रत्येक झडलेल्या पिसाकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. छाती आणि मांड्या उघड्या पडल्या आहेत, पण डोक्यावरचा पिसारा अगदी जागच्या जागी आहे, असे दिसले तर पक्षी स्वतःच पिसे उपटतो आहे असे समजावे, कारण डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. त्यामागे एकटेपणा, कंटाळा, लहान पिंजरा असू शकतो, तसा यकृताचा किंवा त्वचेचा विकारही असू शकतो. नवी पिसे वाकडी, मुळाशी आवळलेली किंवा नळीतून बाहेरच न येणारी असतील, चोचही ठिसूळ किंवा विद्रूप होत असेल, तर पोपटांना होणाऱ्या चोच-पिसांच्या विषाणुजन्य रोगाची शंका घ्यावी. तो सांसर्गिक आहे, म्हणून असा पक्षी इतरांपासून तत्काळ वेगळा ठेवावा. पिसांवर आडव्या फिकट रेघा दिसल्या तर ते पीस वाढत असताना उपासमार, आजार किंवा मोठा ताण झाला होता, अशी ती नोंद असते. मांजर झेपावले किंवा कुणी घट्ट पकडले तर पोपट शेपटीची पिसे एकदम सोडून निसटतो. तो प्रकार वेगळा, त्याला घाबरण्याचे कारण नाही, मांजराचा बंदोबस्त पुरे. पिसे बदलणारा पक्षी थोडा जास्त झोपतो, पण खातो. जो पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसतो आणि खात नाही, तो आजारी. यासाठी स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा फार उपयोगी पडतो. कॉकाटील नव्वदएक ग्रॅमचा असतो. त्याचे वजन आठ-दहा ग्रॅमने उतरले तर डोळ्यांना काही दिसत नाही, काट्याला दिसते.

पंख कापलेल्या पोपटांच्या मालकांना एक सूचना. कापलेले पीस वाढत नाही. त्याचा थोटका दांडा पुढची झड येईपर्यंत तसाच राहतो आणि मग गळून त्या जागी सबंध नवे पीस येते. ‘याचे पंख कापले आहेत, हा कुठे जातो’ म्हणून खिडकी उघडी ठेवणाऱ्यांचे पोपट याच दिवसांत उडून जातात. शिवाय दोन्ही बाजूंची पिसे थोटकी असल्याने नव्या कोंबाला आधार राहत नाही आणि तो आपटून मोडण्याचा धोका वाढतो. पंख कापूच नयेत, खिडक्यांना जाळी लावावी, हे माझे मत. ते सर्वांना पटेलच असे नाही.

आणखी एक अवघड गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे अजूनही कित्येक अंगणांत, ओसरीवर राघू पिंजऱ्यात दिसतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे रानटी पोपट पकडणे, विकणे आणि बाळगणे गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. परिणामी असे राघू बाळगणारे लोक पिसे झडली, रक्त आले, तरी डॉक्टरकडे जात नाहीत आणि पुन्हा दुकानदाराच्या पुडीकडे वळतात. त्यांनी तो पक्षी वन विभागाच्या हवाली करावा. पिसे बदलण्याच्या दिवसांत ‘सोडून दिला’ म्हणून गच्चीवरून उडवून देणे ही दया नव्हे. अर्धवट पंखांनी तो पहिल्याच घारीच्या किंवा कावळ्यांच्या तावडीत सापडतो.

आपल्या दैनिकात पाळीव प्राण्यांविषयी मजकूर येतो, पण त्यात कुत्री आणि मांजरे यांचीच वर्णी लागते. मृगाच्या सुमारास पोपटांच्या पिसांविषयी एखाद्या पशुवैद्याकडून चार रकाने लिहून घ्यावेत, एवढी विनंती आहे. वाचकांनीही एक वही घालावी. मी आमच्या कॉकाटीलच्या पिसांच्या तारखा गेली काही वर्षे लिहून ठेवते. मोठी झड दरवर्षी जूनच्या मध्यावर सुरू होते आणि जानेवारीत एक छोटी फेरी येते, हे त्या वहीतूनच मला कळले. यंदा शेपटीतले सर्वांत लांब पीस १९ जूनला पडले. ते आता त्या मुलाच्या कंपासपेटीत आहे. त्या जागी आलेला कोंब काल करंगळीएवढा झाला, आणि त्याचे टोक फुटून त्यातून करडा कुंचला डोकावू लागला आहे.

आपली,
एक पक्षिपालक वाचक,
सांगली